मातेरं

रातपाळी होती. साच्याखाली उडालेला कापूस झाडून मी कोपऱ्यात ढीग लावत होतो. तेलकट, काळपट, धुळीत लोळलेला कापूस. वळताना माझा धक्का लागला आणि चांगल्या पेळूचा भरलेला डबा त्या ढिगात कलंडला. जॉबर लांबूनच बोंबलला, ‘‘अरे, मालाचं मातेरं केलंस की!’’

शिव्या मी रोज खातो. त्यातली एकही घरी नेत नाही. हा शब्द मात्र माझ्याबरोबर खोलीवर आला. मातेरं. शाळेत मास्तर म्हणायचे, पोरानं आयुष्याचं मातेरं केलं. म्हणजे नासवलं, वाटोळं केलं. सगळा महाराष्ट्र हा शब्द याच अर्थानं वापरतो. आमच्या घरात मात्र तो या अर्थानं मी कधीच ऐकला नव्हता. आमची आजी म्हणायची, ‘‘बाप मातेरं घिऊन यायचा आन् त्या दिशी चूल पेटायची.’’

एका शब्दाचे दोन अर्थ. एक रासेच्या बाजूनं बघणाऱ्याचा, दुसरा रासेखालची माती झाडणाऱ्याचा. दोस्तांनो, सुगीचा इतिहास आजवर बहुतेक रासेच्या बाजूनंच लिहिला गेला. मी काही इतिहासकार नाही. दहावीला आपटलो आणि सूतगिरणीत लागलो. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. पण बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराखालच्या एका गावात माझी नाळ पुरलेली आहे आणि ऐंशी वर्षांची आजी अजून बोलती आहे. एवढ्या भांडवलावर मी हा इतिहास मातेऱ्याच्या बाजूनं सांगतो.

आधी खळं म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यातल्या शहरातल्या पोरांनी ते बघितलेलं नाही. आता गावातल्या पोरांनीही नाही.

आमच्याकडं भादव्यात मूग-उडीद निघतो. अश्विनात बाजरी पिवळी पडते. हस्ताचा पाऊस ओसरला की एका रानात काढणी आणि दुसऱ्या रानात ज्वारीची पेरणी, असं एकदमच सुरू होतं. कापसाची बोंडं फुटायला लागतात. डोंगरात धारूरकडं सीताफळं डोळे उघडतात. तूर मात्र उभी असते, तिला पौष लागतो. दसरा ते दिवाळी गावात रिकामा हात दिसत नाही.

बाजरीची कणसं मोडून वाळवायची. रानातच एक जागा साफ करून, पाणी मारून, चोपून घट्ट करायची आणि शेणानं सारवायची. हे खळं. मधोमध लाकूड रोवायचं, तो तिवडा. कणसं पसरायची आणि तिवड्याभोवती बैलांची पात फिरवायची. बैलांच्या खुरांनी दाणा सुटतो. मग वारा सुटायची वाट बघायची. वारा सुटला की माणूस वावडीवर उभा राहून पाटीतला माल उंचावरून हळूहळू सोडतो. भुसकट उडून लांब पडतं, दाणा खाली पडतो. झाली रास. राशीला हळदकुंकू, नारळ. मग माप.

रास उचलल्यावर खळ्याच्या सारवणात दाणे रुतलेले राहतात. कडेच्या भुसकटात, मातीत मिसळलेले राहतात. झाडून, खरवडून ते गोळा केलं की जो ढीग होतो ते मातेरं. अर्धी माती, थोडे खडे, थोडं शेण, बाकी दाणे. आजी सांगते, मातेरं घरी आलं की बाया ते पाण्यात घालून रोळायच्या, उन्हात वाळवायच्या, दळायच्या. कितीही रोळलं तरी भाकरीत कच लागायची. ‘‘पाव्हणा आला तर आम्ही त्याच्याम्होरं खात नव्हतो,’’ आजी म्हणते. ‘‘दाताचा आवाज यायचा.’’

तर हे मातेरं म्हणजे महाराचा हक्क. हक्क हा शब्द मी मुद्दाम लिहितोय, कारण गावही तोच शब्द वापरायचं.

बलुत्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गावाचं काम करणाऱ्याला पैसा नाही, सुगीत खळ्यावर वाटा. पुस्तकांतून बलुतेदारांच्या तीन ओळी सांगतात, थोरली, मधली आणि धाकटी, आणि काही याद्यांत महाराला चक्क थोरल्या ओळीत बसवलेलं आहे. वाचून मला हसू आलं. ओळ थोरली आणि बसायचं खळ्याच्या बाहेर. आमच्या आज्याचा सासरा, म्हणजे आजीचा बाप, येसकर होता. रात्रभर खळ्याची राखण त्यानं करायची. राशीला त्याचा हात लागला तर चालायचा नाही. ज्या धान्याला चोरापासून तो वाचवायचा, ते त्याच्या शिवण्यानं बाटायचं. त्याचा वाटा वरून त्याच्या पदरात ओतायचे आणि शेवटी सांगायचे, मातेरं झाडून घे.

आणि हे सगळं राखणीच्या बदल्यात नव्हतं. सरकारी सारा तालुक्याला पोचवणं, मेल्याचा सांगावा वीस कोसांवर नेणं, मेलेलं जनावर ओढणं, लाकडं फोडणं, शिवेचं भांडण लागलं तर शीव दाखवणं, दसऱ्याच्या रेड्याचं काम. बारा महिने, चोवीस तास. कामाची यादी कुठं संपते ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. वाट्याचं माप मात्र ठरवणारा एकच होता.

म्हातारी माणसं बावन्न हक्कांची गोष्ट सांगतात. बिदरच्या बादशहानं अमृतनाकाच्या इमानावर खूश होऊन महारांना बावन्न हक्कांची सनद दिली म्हणे. दंतकथाच ती. पण मला तिचं नवल वाटतं. माणसाला उष्टं खायला लावायचं असेल तर ते बादशहानं दिलेलं बक्षीस आहे असं त्याला सांगावं. मग तो ते सोडायला तयार होत नाही. उलट त्यासाठी भावाबरोबर भांडतो. मातेऱ्यासाठी, मेलेल्या ढोराच्या वाट्यासाठी महार आणि मांग गावोगाव एकमेकांच्या उरावर बसले. गावाला फुकटात करमणूक झाली.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गाव-गाडा’ हे पुस्तक १९१५ साली आलं. आत्रे महसुलात नोकरी केलेले, गाव आतून पाहिलेले. पुस्तक बारकाव्यानं भरलेलं आहे, आपण प्रत्येकानं वाचायला हवं. कुणब्याच्या दाण्याला किती तोंडं लागलेली असतात याचा ते हिशेब मांडतात आणि कुणब्यासाठी कळवळतात. कुणबी नागवला जात होता हे खरंच आहे. सावकार आणि सरकार दोघं मिळून त्याला सोलत होते. पण त्या हिशेबात आम्ही ‘तोंडं’ म्हणून येतो. हात म्हणून फार थोडे येतो.

हात म्हणून हिशेब मांडला तो बाबासाहेबांनी. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी महारांच्या वतनावर लिहिलं आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारं बिल मांडलं. मागणी साधी होती. महार काम सरकारचं करतो, तर त्यानं पोटासाठी खळ्यावर पदर का पसरावा? बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवा, ती साऱ्याबरोबर वसूल करा आणि त्याला पगार द्या. कामं कुठली ते लिहून काढा. ज्याला वतन नको त्याला त्यातून मोकळं होऊ द्या. गिरणीत काम करणाऱ्या माणसाला यातलं मर्म लगेच कळतं. पगार आणि मातेरं यांत फरक काय? पगार कमी पडला तर भांडता येतं. मातेऱ्याला पावती नाही, हजेरी नाही, दर नाही. भांडायला गेलं तर कागदच नाही.

ते बिल पास झालं नाही. झालं असतं तरी बीडला त्याचा उपयोग नव्हता, कारण आम्ही निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपेपर्यंत मुंबईचा कायदा आमच्या शिवेवर थांबायचा. पण वारा थांबत नव्हता. फेब्रुवारी १९४१ मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः आले. नाव नीट वाचा. महार-मांग. मातेऱ्यासाठी भांडणाऱ्या दोघांना एका मांडवात बसवलं होतं.

आता १९५६. १४ ऑक्टोबर. अशोक विजयादशमी. नागपूरची दीक्षा आपण सगळे पाठ म्हणतो. पण गावाच्या पंचांगात तो दिवस कुठं येतो ते कधी बघितलंय? ऐन सुगीत. ज्या दसऱ्यापासून आमचा बाप खळ्याच्या कडेला जाऊन बसायचा, त्याच दसऱ्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हे सोडा. आणि त्याच सुगीत, बाजरीची खळी उरकून तुरीला शेंगा भरत होत्या तेव्हा, ६ डिसेंबरला ते गेले. एकाच हंगामात एवढं मिळालं आणि एवढं गेलं.

आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली ती पुढं. आजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, नुकतं लगीन झालेली. तिच्या सासऱ्यानं, म्हणजे माझ्या पणज्यानं, येसकराची काठी चावडीत नेऊन ठेवली. ओढणार नाही, सांगावा नेणार नाही, खळ्यावर येणार नाही. गाव म्हणालं, बरं. मग गावानं काय केलं? फार काही नाही. फक्त रानात पाय ठेवू दिला नाही. सरवा वेचायला बंदी. कापणी झालेल्या रानात गळालेली कणसं वेचायची, तेही बंद. जळणाला काटकी तोडायला बंदी. मजुरीला बाहेरगावची माणसं आणली.

‘‘मग खाल्लं काय?’’ मी आजीला विचारलं.

‘‘भोपळा,’’ आजी म्हणाली.

वस्तीला शेत नव्हतं, परसही नव्हता. झोपडीच्या कुडाला लावलेले वेल होते. भोपळा, दोडका, वाल. पावसाळ्यात लावायचे, छपरावर चढवायचे. भोपळा चार भिंतींच्या आतला, म्हणून गावाला अडवता आला नाही. त्या सुगीत वस्तीतल्या बायांनी छपरं वाटून घेतली. कुणाच्या छपरावरचा वेल कुणाच्या चुलीला. दिवाळीनंतर एकेक भोपळा बियाला राखायचा, बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. भूक लागली म्हणून बियाचा भोपळा कापायचा नाही, असा आजीच्या सासूचा दंडक. इतिहासाच्या पुस्तकात दीक्षेचा सोहळा आहे. दीक्षेनंतरच्या सुगीत बियाचा भोपळा न कापणाऱ्या बाईचं नाव नाही. तिच्याशिवाय ती काठी चावडीत फार दिवस राहिली नसती.

मातेरं सोडलं म्हणजे दाणा कुठून आणायचा हा सवाल आलाच. त्याचं उत्तर एकच, जमीन. १९५३ सालीच मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी फेडरेशनचा सत्याग्रह झाला होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला पुन्हा लढा उभारला, आणि ६ डिसेंबर १९६४ ला देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली असं सांगतात. आज आपल्यातल्या काहींना वाटतं की चळवळ म्हणजे पुतळा, नामांतर, राखीव जागा. ते हवंच. पण त्या लाखोंतले बहुतेक फक्त नांगरायला जागा मागत होते.

१९७२ चा दुष्काळ आला आणि गेला. आमचा आजा खडी फोडून परतला. पुढं काही वर्षांनी त्यानं आणि वस्तीतल्या अकरा घरांनी गावाच्या गायरानात कुदळ मारली. अडीच एकर मुरमाड उतार, काढावेत तेवढे दगड. गावानं उभ्या पिकात जनावरं घातली. पुन्हा पेरलं. पंचनामा झाला, दंड बसला. आज्यानं दंड भरला आणि पावती जपून ठेवली. का ठेवली ते त्यालाही तेव्हा माहीत नसावं. वाचता येत नव्हतं.

मग २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या दलित, आदिवासी, भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची, पण पुरावा दाखवा. आपल्या जिल्ह्यात एकनाथ आवाड आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानानं गावोगाव हेच सांगितलं. पुरावा काढा, गाव नमुना एक-ई बघा, पावत्या शोधा. आवाड मांगाच्या घरचे. २००६ साली त्यांनी बौद्ध धम्म घेतला, २०१५ ला ते गेले. गायरानावर महार आणि मांग बाया एका रांगेत उभ्या राहिल्या त्यात त्या माणसाचा मोठा वाटा आहे. तडवळ्याच्या मांडवापासून हे अंतर कापायला पन्नास वर्षं लागली.

आणि तेव्हा कळलं की ती दंडाची पावती काय चीज होती. शेकडो वर्षं आम्ही सुगीत राबलो, त्याचा एक कागद नाही. आमच्या घराण्यानं पीक काढलं याचा पहिला लेखी पुरावा म्हणजे गुन्ह्याची पावती.

इथं माझी गोष्ट नीट संपवता आली असती. पण आजीनं मला आणखी एक सांगितलं आहे आणि ते दाबलं तर मीही रासेच्या बाजूचाच झालो.

गायरानावर पहिल्यांदा धड बाजरी आली तेव्हा आज्यानं स्वतःचं खळं केलं. दोन पोती. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातल्या माणसानं राशीला हात लावला. संध्याकाळी एक पारधीण आली, काखेला पोरगं. खळ्याच्या बाहेर उभी राहिली. आजा पोती शिवत होता. मान वर न करता म्हणाला, ‘‘मातेरं झाडून घिऊन जा.’’

ती झाडून घेऊन गेली.

‘‘मी तितंच उभी व्हते,’’ आजी सांगते. ‘‘म्या बी काय म्हणाले न्हाई. राशीतलं मूठभर काढून दिलं असतं तर काय गेलं असतं? तिचं त्वांड अजून दिसतं मला.’’ माझा आजा वाईट माणूस नव्हता. खळ्यावर आलेल्या गरिबाला काय द्यायचं, याचा त्याला माहीत असलेला शब्द तेवढा एकच होता.

आता खळी राहिली नाहीत. हडंबा येतो, तासाभरात पोती भरतो आणि पुढच्या रानात जातो. बाजरीच्या जागी सोयाबीन आलं, काढणी गुत्त्यावर जाते. कापूस बाया किलोवर वेचतात. तोच कापूस सरकी काढून, गाठी बांधून गिरणीत येतो आणि मी त्याचं सूत बघत रात्र काढतो. बलुतं गेलं. पण दसऱ्याला गाव सोडायची पाळी गेली नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक वस्तीसमोर उभा राहतो. नवराबायको मिळून एक कोयता, उचल आधीच खाल्लेली. मी स्वतः पाच हिवाळे कोपीत काढलेत. आमची तूर आमच्या रानात उभी आणि माय-बाप दुसऱ्याचा ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडं. या सुगीची किंमत कशात मोजतात? २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसात खाडा पडू नये, दंड लागू नये, हे त्यातलं एक कारण. येसकराची काठी चावडीत ठेवता आली. कोयता कुठं ठेवायचा ते आपल्याला अजून सापडलेलं नाही.

आणि जे अडीच एकर मिळवलं, तेही पायाखाली हलतंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारी आणि गायरान जमिनींवरची अतिक्रमणं वर्षाअखेरपर्यंत काढायचा आदेश दिला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. महिना बघा. पुन्हा दसऱ्याचाच हंगाम. मोर्चे निघाले, अर्ज झाले. ज्यांच्याकडं कागद होता ते ताठ उभे राहिले. ज्यांनी पावती चुलीत घातली होती ते तहसीलच्या पायरीवर रडले.

म्हणून दोस्तांनो, सभेत भाषण करण्याआधी एक काम करा. घरी जा. म्हातारीला विचारा, खळ्यावर आपण कुठं बसायचो, माप कुणाच्या हातात होतं, मातेरं कधी सोडलं, सोडल्यावर काय खाल्लं. वहीत साल घालून लिहा. मग पत्र्याची पेटी उघडा. दंडाची पावती, पंचनामा, नोटीस, जे निघेल त्याची नक्कल काढा. तलाठ्याकडं जाऊन एक-ईचा उतारा मागा. शेजारच्या मांगवाड्यात, पारध्याच्या पालावर जा आणि त्यांच्या पेट्याही उघडायला मदत करा. हा आपला दप्तरखाना आहे. दुसरा नाही.

गेल्या सुगीत मी चार दिवसांची सुट्टी टाकून गावी गेलो. गायरानात एका पट्ट्यात बाजरी होती. हडंबा आला, धुरळा करून गेला. पोती बांधली. बघतो तर आजी कमरेत वाकून, खराट्यानं ती जागा झाडतेय.

‘‘आजे, कशाला? तीन पोती झालीत.’’

ती बोलली नाही. झाडून झालं, सुपात घेतलं, वाऱ्यावर एकदा पाखडलं. घरी आली आणि ते सगळं कोंबड्यांपुढं टाकलं. मग दारात बसून त्या टिपताना बघत राहिली, अंधार पडेपर्यंत.